चिपीचं विमान मुंबईत का अडतं?

गणपतीला दोन महिने उरले की आमच्या घरात दुसरा विषय नसतो. तिकीट मिळालं का? कोणाचं कन्फर्म, कोणाचं वेटिंग? मामा गिरणीच्या काळात परळच्या चाळीत राहायचे, आता नालासोपाऱ्याला असतात. गाव वेंगुर्ला तालुक्यात, चिपीच्या सड्यापासून, म्हणजे तिथल्या कातळी पठारापासून, फार लांब नाही. दर वर्षी ते मला एकच प्रश्न विचारतात, "एवढो मोठो विमानतळ बांधलो, मगे विमान खंय आसा?"

प्रश्न रास्त आहे. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, मुंबईहून रोज एक विमान जाऊ लागलं, आणि बरोबर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ते बंद पडलं. बातम्यांत कारण आलं: 'मुदत संपली'. कसली मुदत? धावपट्टी जागेवर होती, प्रवासी होते, मग अडलं कुठे? अमरावती, सोलापूर, कोल्हापूर, नांदेड, जळगाव, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच गोष्ट घडते आहे किंवा घडून गेली आहे. म्हणून ती एकदा मुळापासून समजून घेऊ.

स्टँड बांधला म्हणून गाडी येत नाही

विमानतळ बांधणारा एक, चालवणारा दुसरा, आणि त्यावर विमान आणणारा तिसराच असतो. एसटीचं बरं असतं, आगार आणि गाडी एकाच महामंडळाची. विमानाचं तसं नाही. चिपीची जमीन औद्योगिक विकास महामंडळाकडची, विमानतळ उभारला एका खासगी कंपनीने, परवाना देणार केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, आणि विमान आणणारी कंपनी पुन्हा वेगळी. यातला एक जरी हलला नाही तरी बाकीचे थांबून राहतात.

म्हणूनच फीत कापणं आणि विमान उडणं यांत मोठं अंतर पडतं. चिपीच्या टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०१९ मध्येच झालं होतं. प्रवासी विमान उतरायला त्यानंतर अडीच वर्षं लागली. अग्निशमन बंब किती, कुंपण सगळीकडून बंद आहे का, धावपट्टीचा पृष्ठभाग सलग आहे का, हे सगळं तपासून परवाना मिळतो, आणि तो मिळेपर्यंत तिकीट विकता येत नाही. ही तपासणी कडक असते ते योग्यच आहे. माझा आक्षेप आहे तो परवान्याआधी सोहळे करण्यावर. गावातल्या माणसाला वाटतं, विमानतळ झाला. आणि मग दोन-अडीच वर्षं तो ज्याला त्याला विचारत बसतो.

वस्तीची गाडी आणि 'उडान'

आता पैशाचं गणित. कोकणात वाढलेल्या प्रत्येकाला वस्तीची गाडी माहीत असते. संध्याकाळी उशिरा गावात येणारी, रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे तालुक्याला परत निघणारी एसटी. कित्येकदा तिच्यात आठ-दहा माणसं असतात. तिकिटातून डिझेलही सुटत नाही, पण ती गाडी बंद केली तर गाव तुटतं. म्हणून तोटा सोसून ती चालवली जाते.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये आणलेली 'उडान' योजना हेच तत्त्व हवेत नेते. लहान शहरांना जाणाऱ्या विमानातली साधारण निम्मी आसनं ठरलेल्या कमाल दराने विकायची. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला हा दर सुमारे २,५०० रुपये होता. खर्च आणि मिळकत यांच्यात जी तूट पडेल ती सरकार भरणार. या तूटभरपाईला सरकारी कागदांत 'व्हायबिलिटी गॅप फंडिंग' म्हणतात. आपण तूटभरपाईच म्हणू.

एक समजुतीचा हिशेब करू. या मार्गांवर बहुतेक वेळा एटीआर जातीचं पंख्यांचं विमान असतं, आसनं सुमारे ७२. समजा, एका फेरीचा खर्च तीन लाख रुपये. निम्मी, म्हणजे ३६ आसनं २,५०० ने विकली तर ९० हजार आले. उरलेली ३६ सरासरी साडेचार हजाराने गेली तर १ लाख ६२ हजार. एकूण २ लाख ५२ हजार. म्हणजे विमान पूर्ण भरूनही ४८ हजार कमी पडले. हे आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतले आहेत, पण गणिताची चाल अशीच असते.

त्यात कोकणाची स्वतःची अडचण आहे. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मुंबईहून जाणारं विमान गच्च, आणि तेच विमान परत येताना रिकामं. विसर्जनानंतर नेमकं उलट. विमान कंपनीला मात्र दोन्ही फेऱ्यांचं इंधन जाळावं लागतं. आपल्याला वाटतं, सणाला एवढी गर्दी असते तर कंपनी मालामाल होत असेल. प्रत्यक्षात ती गर्दी एका बाजूचीच असते.

ही तूट कोण भरतं? वजनदार मार्गांवरच्या विमानांवर, म्हणजे मुंबई–दिल्लीसारख्या, एक छोटा अधिभार लावला जातो, आणि एक वाटा राज्य उचलतं. आपल्यासारख्या राज्यांसाठी तो २० टक्के आहे. शिवाय उडानमधल्या विमानतळांवर इंधनावरचा राज्याचा कर एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवायचा आणि विमान उतरवण्याचं व थांबवण्याचं भाडं माफ करायचं, अशा सवलती आहेत. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा सर्वांत मोठा असतो, त्यामुळे ही करसवलत किरकोळ नाही.

'मुदत संपली' म्हणजे काय

तूटभरपाई कायमची नसते. ती तीन वर्षांसाठी असते. कल्पना अशी की तीन वर्षांत लोकांना विमानाची सवय लागेल, प्रवासी वाढतील, आणि नंतर मार्ग आपल्या पायावर उभा राहील. चिपीचं मुंबई विमान ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालं, ऑक्टोबर २०२४ ला थांबलं. वर्तमानपत्रातली 'मुदत' ती हीच.

ही कल्पना किती फळाला आली, हे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०२३ च्या अहवालात मोजलं आहे. त्यांनी तपासलेल्या ७७४ मंजूर मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि त्यानंतरही टिकलेले मार्ग अवघे ५४, म्हणजे मंजूर झालेल्यांपैकी सात टक्के.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाईट वाटलं, पण एक गोष्ट स्पष्ट झाली. चिपी अपवाद नाही. तीन वर्षं पूर्ण करणाऱ्या थोडक्यांत तो होता. म्हणजे कोकणातल्या लोकांनी विमानाकडे पाठ फिरवली, हे म्हणणं खरं नाही.

सगळा गुंता सांताक्रूझला

मामांना हा भाग समजावायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते मूळ दुखणं इथेच आहे.

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. पण त्या एकमेकींना कापतात. दादर टीटीला दोन रस्ते एकमेकांना छेदतात. एकीकडचा सिग्नल हिरवा असेल तर दुसरीकडे थांबावंच लागतं. तसंच इथे. दोन असल्या तरी एका वेळी कामाला एकच येते. त्या एका धावपट्टीवर मुंबईने डिसेंबर २०१८ मध्ये चोवीस तासांत हजाराहून जास्त विमानं चढवली-उतरवली. हवाई नियंत्रकांच्या कौशल्याला त्याबद्दल दाद द्यायलाच हवी. पण तिथून पुढे वाढायला जागा नाही. कुर्ला, जरीमरी, घाटकोपर, सगळीकडून वस्ती भिडलेली आहे आणि मिठी नदी तर धावपट्टीच्या खालूनच वाहते. समांतर तिसरी पट्टी टाकणार कुठे?

मग तासाला ठरावीकच विमानं घेता येतात. गर्दीच्या तासाला ४६ घेतली जायची. विमानं आकाशात घिरट्या घालत राहतात म्हणून केंद्राने २०२४ च्या फेब्रुवारीत ती आणखी कमी करायला लावली. या मोजक्या वेळांना 'स्लॉट' म्हणतात. स्लॉट म्हणजे धावपट्टी वापरायची तुमची ठरलेली वेळ. ती नसेल तर तुमचं विमान मुंबईला येऊ शकत नाही, मग गावचा विमानतळ कितीही देखणा असो.

आता लोकलचा विचार करा. संध्याकाळी सहाला चर्चगेटहून विरार फास्ट सुटते. तिला १२ डबे असोत की १५, रुळावरची वेळ ती एकाच गाडीची घेते. त्या वेळेला कोणी चार डब्यांची गाडी सोडा म्हटलं तर रेल्वे तयार होईल का? धावपट्टीवर नेमका हाच पेच आहे. १८० किंवा त्याहून जास्त माणसं नेणारं जेट एक स्लॉट घेतं, आणि ७२ माणसांचं एटीआरही एकच स्लॉट घेतं.

खरं तर एटीआर थोडा जास्तच वेळ घेतं. ते उतरताना जेटपेक्षा हळू येतं, त्यामुळे मागच्या जेटला लांब ठेवावं लागतं, फास्ट मार्गावर पुढे धीमी गाडी लागल्यासारखं. शिवाय मोठं विमान गेलं की त्याच्या पंखांमागे हवेत भोवरे उरतात. लहान विमान त्यात सापडलं तर डगमगू शकतं, म्हणून त्याला जास्त अंतर राखून सोडतात. या सगळ्यात जो मिनिट-दीड मिनिट जातो, त्यात आणखी एक जेट बसलं असतं.

आणि एक नियम. ज्या कंपनीने हंगामात आपला स्लॉट किमान ८० टक्के वेळा वापरला, तिचा तो पुढच्या हंगामातही कायम राहतो. नियम जगभर आहे, त्यामागे शहाणपणही आहे. नाहीतर दर सहा महिन्यांनी सगळं वेळापत्रक मोडेल. पण त्याचा परिणाम असा की सकाळ-संध्याकाळच्या सोन्यासारख्या वेळा जुन्या, मोठ्या कंपन्यांकडेच राहतात. नव्या लहान कंपनीला उरलीसुरली दुपार मिळते. उडान सुरू झाली तेव्हाच मुंबईत स्लॉट नाहीत म्हणून महाराष्ट्रातले मार्ग रखडले होते. नाशिक आणि जळगावची विमानं त्यामुळेच २०१७ च्या डिसेंबरपर्यंत लांबली.

मग बंगळूरला विमान कसं जातं?

हा प्रश्न मला कणकवलीच्या एका नातेवाइकाने विचारला, आणि तो अचूक आहे. २०२४ मध्ये चिपीहून बंगळूर, हैदराबाद आणि पुण्यासाठी विमानं सुरू झाली, आणि त्याच वर्षी मुंबईचं बंद झालं. ज्या शहरात सिंधुदुर्गाचे लाखो लोक राहतात त्याचंच विमान नाही! पण स्लॉटचं कोडं कळल्यावर हे समजतं. बंगळूरला दोन समांतर धावपट्ट्या आहेत. तिथे ७२ आसनांच्या विमानाला जागा काढता येते.

कोल्हापूरने हाच रस्ता धरून आपलं बस्तान बसवलं. उजळाईवाडीचा विमानतळ जुना, राजाराम महाराजांच्या काळातला. ५ जानेवारी १९३९ ला तो सुरू झाला. पुढे विमानं येत राहिली, बंद होत राहिली. २०११ नंतर तर काही वर्षं नियमित सेवाच नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये उडानखाली मुंबईचं विमान आलं, तेही आठवड्यातून तीनच दिवस. पण त्याच वर्षाअखेर हैदराबाद सुरू झालं, पाठोपाठ तिरुपती. तिरुपतीला जाऊन आलं की अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, अशी श्रद्धा आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी भाविक, वर्षभर. एका बाजूची रिकामी फेरी नाही. त्या भरवशावर १,३७० मीटरची धावपट्टी १,९३० मीटर झाली, रात्री विमान उतरण्याची सोय आली, आणि मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत. लहान विमानतळ वाढतो तो असा, एका मार्गाने दुसऱ्याला हात दिला की.

अंधार, पाऊस आणि धुरांडं

रात्री उतरण्याची सोय म्हणजे धावपट्टीच्या कडेचे दिवे, एवढंच नाही. आजूबाजूच्या टेकड्या, मनोरे यांवर दिवे हवेत, आणि रात्रीच्या परवानगीसाठी वेगळी तपासणी होते. ही सोय नसली की वेळापत्रक कसं लंगडं होतं ते पाहा. कोल्हापूर किंवा सोलापूरच्या व्यापाऱ्याला सकाळी मुंबईला जाऊन, काम उरकून, रात्री घरी यायचं असतं. सूर्यास्तानंतर विमान उतरू शकत नसेल तर त्याला मुंबईत मुक्काम पडतो. मग तो म्हणतो, त्यापेक्षा रात्रीची स्लीपर बस काय वाईट? विमानालाही वस्तीच्या गाडीसारखा रात्रीचा मुक्काम गावात करता आला, तर पहाटेची फेरी शक्य होते.

पावसाळ्यात कोकणात ढग सड्याला टेकतात. वैमानिकाला ठरावीक उंचीवरून धावपट्टी दिसलीच पाहिजे, नाहीतर त्याने परत फिरायचं, असा नियम आहे. ती उंची किती, हे विमानतळावरच्या मार्गदर्शक यंत्रणेवर ठरतं. यंत्रणा जितकी चांगली, तितकं खालपर्यंत येता येतं. गणपती भाद्रपदात येतात, म्हणजे पाऊस असतानाच. ज्या दिवसांत मागणी सर्वांत जास्त, त्याच दिवसांत आकाश सर्वांत बेभरवशाचं. कोकणच्या विमानतळावर पैसे खर्च करायचे तर आधी या यंत्रणेवर करावेत, असं मला मनापासून वाटतं.

सोलापूरची अडचण वेगळीच होती. धावपट्टीजवळ सिद्धेश्वर साखर कारखान्याचं सुमारे ९० मीटर उंच धुरांडं उभं होतं. विमान खाली येण्याच्या वाटेत असं काही चालत नाही. वर्षानुवर्षं वाद झाला, ऊसउत्पादक सभासदांनी विरोध केला, आणि अखेर १५ जून २०२३ ला ते पाडलं. विमान मात्र ९ जून २०२५ ला उडालं, आणि तेही आधी गोव्याला. मुंबईची सेवा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली, आणि तिच्यासाठी राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून तूट भरायचं ठरवलं.

'त्यापेक्षा रेल्वे वाढवा ना'

हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण निम्मा तो मलाही पटतो. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली आणि तिने कोकण बदललं. एका गाडीत हजार-दीड हजार माणसं जातात, विमानात ७२. सरकारकडे एकच रुपया असेल तर तो रेल्वेच्या दुसऱ्या रुळावर घालावा, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

पण विमानाचं काम वेगळं आहे. मी एकदा चिपीला त्या एटीआरने गेलो. दार शेपटीकडे, म्हणून सगळे मागून चढले. सामान पुढे, वैमानिकाच्या खोलीमागे. माझ्या शेजारी एक आजी होत्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया करून गावी निघालेल्या. पंखे फिरायला लागले तशी त्यांनी माझा हात धरला आणि सव्वा तासाने, लाल कातळ आणि काजूची झाडं खिडकीत दिसली तेव्हा सोडला. रेल्वेने त्यांना दहा-अकरा तास बसून यावं लागलं असतं. रुग्ण, म्हातारी माणसं, मयताची बातमी कळून निघालेला मुलगा, यांच्यासाठी दिवसाला एक विमान असणं ही चैन नाही.

मोपा शेजारी असताना चिपी कशाला?

जानेवारी २०२३ पासून गोव्यात पेडण्याजवळ मोपाचा विमानतळ सुरू आहे. बांदा, सावंतवाडीच्या माणसाला तो जवळ पडतो. मोठी विमानं, जास्त फेऱ्या, त्यामुळे कित्येकदा तिकीटही परवडतं. दक्षिण सिंधुदुर्गातले प्रवासी तिकडे वळले तर त्यांचं काही चुकत नाही. पण मालवण, देवगड, कणकवलीच्या माणसाला मोपा म्हणजे वर पुन्हा टॅक्सीचा खर्च. चिपीचा खरा प्रवासी तो आहे. वेळापत्रक त्याच्या सोयीने आखलं पाहिजे.

नवी मुंबईने गाठ सुटेल का?

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. १,१६० हेक्टर जागा, ३,७०० मीटरची पहिली धावपट्टी, आणि पुढे तिला समांतर, सुमारे दीड किलोमीटर अंतरावर दुसरी. इतक्या लांब असल्या की दोन्ही एकाच वेळी वापरता येतात, एकीला दुसरीसाठी थांबावं लागत नाही. सांताक्रूझला जे कधीच जमणार नाही, ते इथे होऊ शकतं.

म्हणून माझी आशा इथे आहे. पण जागा आहे म्हणून ती लहान विमानांना आपोआप मिळेल, असं नाही. आज नवा विमानतळ रिकामा आहे, उद्या मोठ्या कंपन्या चांगल्या वेळा धरतील, आणि तो ८० टक्क्यांचा नियम इथेही लागेल. चिपी, सोलापूर, अमरावती, कोल्हापूरसाठी सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक स्लॉट आत्ताच राखून ठेवला पाहिजे. दहा वर्षांनी मागून मिळणार नाही. आणि नवी सेवा सुरू होताना तूटभरपाई कोणत्या तारखेला संपणार आणि त्यानंतर काय, हे उद्घाटनाच्या दिवशीच लोकांना सांगावं. तीन वर्षांनी अचानक बुकिंग बंद झालेलं पाहून कळू नये.

पोहोचण्याचा प्रश्नही आहे. गिरणगाव संपला तसा चाकरमानी पांगला. डोंबिवली, कल्याण, पनवेलच्या माणसाला नवा विमानतळ सोयीचा. लालबाग-परळमध्ये जे उरले त्यांना शिवडीहून अटल सेतू आहे. पण वसई, विरार, नालासोपाऱ्याला गेलेल्या हजारो घरांना तिथे पोहोचायलाच दोन-अडीच तास लागतील, म्हणजे विमानात बसायच्या वेळेच्या दुप्पट.

हे सगळं मी मामांना त्यांच्या गॅलरीत बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, स्लॉटचं लोकलच्या डब्यांवरून त्यांना लगेच कळलं. मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, गणपतीच्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजले, आणि त्या दिवसाभोवती पेनाने गोल केला. त्या दिवशी सकाळी आठला रेल्वेचं आरक्षण उघडतं. "तू त्या दिवशी लवकर ऊठ," ते म्हणाले.